बेडकाची चावी

मी काय काम करायचे असं कुणी विचारलं तर मी सांगते, बेडूक चालवायचे. माणसं हसतात. मग खुलासा करावा लागतो. परभणीत बाजाराच्या अंगाला एका कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावर गेम झोन आहे. थंडगार हॉल, टक्कर मारायच्या गाड्या, उड्या मारायचं जाळं, रंगीत चेंडूंचा हौद, कार्ड घासून खेळायची यंत्रं, आणि मधोमध एक जाडजूड हिरवा खांब. त्या खांबाला सहा जणांचं एकच लांब बाकडं लावलेलं. हवेच्या दाबावर ते छतापर्यंत जातं, जरा थांबतं, आणि मग दणके देत खाली येतं, परत उसळतं, परत येतं. पाटीवर त्याचं काहीतरी इंग्रजी नाव होतं. पोरांनी पहिल्याच आठवड्यात त्याचा बेडूक केला, आणि पुढं मॅनेजरसुद्धा तेच म्हणायला लागले.

हे सांगून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला. म्हणजे बटण दाबायचं काम का? नणंदेच्या मुलीच्या लग्नात एका पाहुण्यानं तो चारचौघांत विचारला, तोही अशा आवाजात की चार बायका वळून बघाव्यात. मी त्याला म्हटलं, दाबायचं नव्हतं भाऊ, न दाबायचं काम होतं. त्याला काही उमगलं नाही. पंगत बसत होती म्हणून मीही तिथं ताणलं नाही. इथं ताणते.

गेम झोनच्या आधी मी एका शाळेच्या बसमध्ये बसताई होते. मुलं चढवायची, उतरवायची, मोजायची. शाळेनं बस बंद केल्या तेव्हा मी घरी बसले. आमचे हे स्टेशनवर ऑटो चालवतात. गेम झोनची जाहिरात त्यांच्याच ऑटोच्या मागं चिकटवलेली होती, त्यात खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, महिला कर्मचारी पाहिजेत. त्यांनीच मला नेऊन सोडलं. मॅनेजर सतीश सर माझ्या मोठ्या लेकापेक्षा थोडेच मोठे. त्यांनी विचारलं, मुलं सांभाळता येतात का? मी म्हटलं, मुलं येतात, आईबापाचं सांगता येत नाही. घेतलं त्यांनी.

नारिंगी टी-शर्टचा युनिफॉर्म होता. माझे दीर घरी येऊन बोलून गेले की या वयात वहिनीनं असलं अंगात घालून पोरांपुढं उभं राहायचं का. मी दुसऱ्या दिवशी साडीवर टी-शर्ट चढवला आणि त्यांच्या दारावरून चालत गेले. महिन्याभरानं तेच आपली दोन्ही नातवंडं घेऊन आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, वहिनी, आपला वशिला हाय की. मी त्यांना तिकीट खिडकी दाखवली.

काम मला शिकवलं कलीमभाईंनी. ते मूळचे मोटार रिवाइंडिंगवाले. दर पंधरा दिवसांनी येऊन सगळी यंत्रं तपासायचे. त्यांनी मला तीन दिवस बेडकापाशी उभं केलं. रोज सकाळी दार उघडायच्या आधी बाकडं रिकामं तीनदा वरखाली करायचं आणि नुसता आवाज ऐकायचा. हवा गळत असेल तर फुसफुस ऐकू येते, साखळी कोरडी असेल तर करकर. मग बसणाऱ्यांच्या मांड्यांवर येणारा दांडा हातानं ओढून बघायचा, दोन्ही टोकांनी. आमच्या बेडकाला कमरेचे पट्टे नव्हते. सगळा भरवसा त्या एका दांड्यावर. आणि दांडा सहा जणांत मिळून एकच.

यातली मेख त्यांनी मला बाकड्यावर बसवून दाखवली. दांडा खाली येतो तो सगळ्यात जाड माणसाच्या मांडीवर टेकला की थांबतो. शेजारी काडीसारखं पोर असेल तर त्याच्या मांडीवर वीतभर जागा मोकळी राहते. बाकडं वरून खाली यायला लागलं की अंग उचललं जातं, आणि पोर त्या मोकळ्या जागेतून पुढं सरकतं. म्हणून एका फेरीत एका मापाची माणसं बसवायची. हे पाटीवर कुठंच लिहिलेलं नव्हतं. पाटीवर फक्त उंची लिहिली होती. कलीमभाई म्हणाले, "ताई, पाटी कंपनीनं लिहिली. बसनारे लोग तुमच्या समोर येनार."

बेडकाला चावी होती. चावी फिरवल्याशिवाय कुठलंच बटण चालायचं नाही. ती मी गोफात ओवून गळ्यात घातली.

उंचीसाठी भिंतीवर जिराफ रंगवला होता. त्याच्या मानेवर साडेतीन फुटांवर लाल रेघ. त्या रेघेपुढं परभणी जिल्ह्यातल्या आयांनी जी डोकी लढवली ती मी बघितली आहेत. मुलीचा अंबाडा उंच बांधून आणणाऱ्या होत्या. बुटात रुमालाच्या घड्या घालणाऱ्या होत्या. एका शिक्षकानं जिराफच चुकीचा रंगवला आहे असं मला पटवायचा प्रयत्न केला आणि खिशातून मोजपट्टी काढली. जिराफ बरोबर निघाला. शिक्षक म्हणाले, मग तुमची फरशी खोल आहे. मी म्हटलं, असेल, पण तुमचं पोर तिच्यावरच उभं हाय.

पण सगळेच असे नसायचे. येलदरीकडचा एक माणूस आला होता. धरणात मासेमारी करणारा. सोबत सहाएक वर्षांची मुलगी, तेल लावून दोन वेण्या घातलेली, नवा फ्रॉक. पोरीला आल्या आल्या जिराफापाशी जाऊन उभं राहायचं होतं, म्हणजे कुणीतरी तिला आधीच सांगून ठेवलेलं. ती रेघेला दोन बोटं कमी पडली. मी नाही म्हटलं. तो माणूस हुज्जत घालेल म्हणून मी आधीच आवाज चढवून बोलले आणि पुढच्या पोराकडं वळलेसुद्धा. त्यानं नुसती मान हलवली, पोरीला खांद्यावर घेतलं आणि तिला वर जाणारं बाकडं दाखवत तिथंच उभा राहिला. मुलगी मोजत होती, किती वेळा उसळतं ते. तीन फेऱ्या त्यांनी बघितल्या आणि निघून गेले.

तिला बसवलं नाही याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. आजही नाही बसवणार. पण दोन मिनिटं खाली वाकून त्या पोरीला कारण सांगता आलं असतं. ते केलं नाही. ही माझी एक चूक.

आता राणीसावरगावच्या सरूबाई. बचत गटाच्या बायका विद्यापीठात कसल्याशा प्रशिक्षणाला आल्या होत्या. ते लवकर संपलं म्हणून गेम झोन बघायला वर आल्या. पंधरावीस जणी, सगळ्या नऊवारी-सहावारीतल्या, आणि त्यांत सत्तरीच्या सरूबाई. बाकीच्या हॉलभर फिरत होत्या, या माझ्यापुढं येऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "मला ह्याच्यात बसायचंय." सतीश सर लांबूनच नको नको अशी मान हलवायला लागले. मला म्हणाले, मावशी, काही झालं तर? मी पाटी वाचली. त्यात उंची होती, गरोदर बायका, हृदयाचा आजार, पाठीचं दुखणं होतं. म्हाताऱ्या माणसानं बसू नये असं कुठंही नव्हतं. मी सरूबाईंना एकेक विचारलं. बीपी? न्हाई. छातीत कधी दुखलं? न्हाई. पाठ? त्या म्हणाल्या, "पाठ दुखती ना, पर ती निंदताना. हितं काय निंदायचंय का?"

पाठ दुखते म्हटल्यावर मी थबकले, खरं सांगते. त्यांना वाकायला लावलं, वळायला लावलं. माझ्यापेक्षा बऱ्या वाकल्या. मग त्यांच्याच अंगलोटाच्या पाच जणी शोधून शेजारी बसवल्या, पदर खोचायला लावले, चपला काढून घेतल्या आणि दांडा दोनदा ओढून पाहिला. फेरी नेहमीपेक्षा हळू ठेवली. बाकीच्या पाच जणी किंचाळत होत्या. सरूबाईंचा आवाज नाही. बाकडं खाली आलं, दांडा उघडला, सगळ्या उठल्या, या बसूनच.  सतीश सर धावत आले. मी सरूबाईंच्या तोंडाशी वाकले तर त्या म्हणाल्या, "आजून एकदा चालीव. पहिल्यानं डोळे झाकले व्हते."

चालवला.

हे दोन्ही प्रसंग मी मुद्दाम सांगितले, कारण त्यानंतर जे झालं तेव्हा लोक मला म्हणाले की मावशीला नाही म्हणायची सवयच आहे. माझं नाही म्हणणं माणूस बघून नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत एका पुढाऱ्यांनी अख्खा हॉल वाढदिवसासाठी घेतला. नाव सांगत नाही, सगळे त्यांना साहेब म्हणत होते, मीही साहेबच म्हणते. मुलगी तीन वर्षांची झाली होती. फुगे, केक, फोटोवाला, माणसांची ही गर्दी. फोटोवाल्याच्या डोक्यात आलं की साहेब आणि बाळ बेडकात वर जाताना फोटो झकास येईल. साहेब येऊन बाकड्यावर बसले, मुलीला शेजारी बसवलं. साहेबांचा देह चांगला भरलेला. मुलगी त्यांच्या शेजारी फुग्याएवढी.

मी जिराफ दाखवला. साहेब हसले. म्हणाले, "मी सोता धरून बसायलोय. तुमाला काय अडचण हाय?"

मी म्हटलं, वर गेल्यावर माणसाचे हात आपोआप दांड्याला जातात. तोवरच्या तीन वर्षांत मी शेकड्यांनी आईबाप बघितले होते. कितीही जीव असो, पहिल्या दणक्याला हात दांड्यालाच. साहेबांना ते त्यांच्या मर्दपणाबद्दल वाटलं बहुतेक. त्यांचा चेहरा बदलला. सतीश सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, मावशी, एकच फेरी, हळू करा. शेठ, म्हणजे गेम झोनचे मालक, केकच्या टेबलापाशी उभे होते. त्यांनी तिथूनच हातानं खूण केली की चालू कर.

मी चावी काढली आणि मुठीत धरली.  पन्नाशीची बाई, समोर तीसचाळीस माणसं, सगळ्यांचे मोबाइल आमच्याकडं वळलेले. तेव्हा मला काय सुचलं ते सांगते. बक्षिसांच्या फळीवर एक मोठं गुलाबी अस्वल होतं, साधारण त्या मुलीएवढंच. मी ते आणायला सांगितलं. साहेबांना म्हटलं, तुमी लेकराला घेऊन दोन मिनिटं खाली या, तुमच्यासारख्याच एखाद्याला बसवा. त्यांचा एक दांडगा कार्यकर्ता हसत हसत बसला. त्याच्या शेजारी मी अस्वल ठेवलं आणि दांडा खाली ओढला. दांडा त्याच्या मांडीवर टेकून थांबला. मग अस्वलाचे पाय दोन बोटांत धरून मी ओढलं. ते दांड्याखालून सुळकन माझ्या हातात आलं. बेडूक जमिनीवर होता. हललासुद्धा नव्हता.

 साहेबांच्या बायकोनं मुलीला साहेबांच्या कडेवरून काढून घेतलं आणि ती गाड्यांकडं चालू लागली. साहेब शेठकडं बघून एवढंच म्हणाले, "मानसं बघून ठेवत जा." आणि केक न कापताच निघायची भाषा सुरू झाली. शेठनी कसंबसं थांबवलं.

दोन दिवसांनी मला बोलावलं. शेठ आवाज न चढवता बोलले. गिऱ्हाईक, धंदा, शहर लहान आहे, वगैरे. माझं चुकलं असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. चुकलं म्हणाले असते तर मी भांडले असते. फक्त म्हणाले, मावशी, थोडे दिवस मोज्यांवर बसा.

मोजे म्हणजे काय ते सांगते. जाळ्यावर उड्या मारताना पाय घसरू नयेत म्हणून तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे घालावे लागतात, ते विकायचं काउंटर. बसून काम. बेडूक तिथून सरळ समोर दिसायचा. चावी संदीपला दिली. तीसेक वर्षांचा माणूस, सतीश सरांच्या ओळखीचा, स्वभावानं वाईट नव्हता. त्याला तीन दिवस कुणी उभं केलं नाही. बटणं दाखवली आणि काम सुरू.

मी रुसले होते. दुसरा शब्द नाही. वाटायचं, बघू दे यांना कळतं का. संदीप एका हातात मोबाइल धरून दुसऱ्या हातानं दांडा ओढायचा. सकाळी रिकामा बेडूक चालवून बघायचं त्यानं केव्हाच सोडून दिलं होतं. मला इथून सगळं दिसत होतं. कलीमभाई आले की माझ्यापाशी टेकायचे. एकदा म्हणाले, "ताई, गुस्सा अपनी जगा. पन नजर उधरच रखो." नजर होती माझी तिकडं. उठले मात्र नाही. पाच महिने मी मोज्यांचे साइज लावत बसले.

एका रविवारी दुपारी गर्दी होती. बाकड्याच्या टोकाला आठनऊ वर्षांचा मुलगा बसला होता आणि त्यानं हात दांड्याच्या बिजागरीपाशी ठेवला होता. कुणीही बघितलं असतं तर दिसला असता. संदीप फोनवर बोलत होता. त्यानं न बघता दांडा ओढला. मुलगा ओरडला तो आवाज मी अजून विसरले नाही. मी काउंटरवरून उडी मारल्यासारखी धावले. दांडा उचलला. मधल्या बोटाचं नख निघालं होतं, हिरव्या रंगावर रक्त. माझ्या हातात मोज्यांचा नवा जोड तसाच होता, तोच फाडून मी बोटाला घट्ट गुंडाळला. सतीश सर त्या मुलाला आणि त्याच्या आईला घेऊन दवाखान्यात गेले. जाताना त्या बाईनं माझा टी-शर्ट बघितला आणि म्हणाली, "तुमी लोक बघत न्हाईत का?"

बघत होते, बाई. पाच महिने बघत होते.

मी बटणांच्या पॅनलमधून चावी काढून गळ्यात घातली. संध्याकाळी सतीश सर परत आले. बोट वाचलं होतं, हाड धड होतं. मी त्यांना सांगितलं की उद्यापासून मी बेडकावर. ते म्हणाले, शेठना विचारतो. मी म्हटलं, विचारा, पण मी परवानगी मागत न्हाई. मोज्यांवर बसवलं तर मी खाली जिन्याच्या तोंडाशी उभी राहीन आणि वर येणाऱ्या प्रत्येक आईला सांगेन, आज काय झालं ते.

शेठ दुसऱ्या दिवशी आले. माझ्या तीन अटी होत्या. बेडकापाशी उभ्या माणसाजवळ फोन नको. एका मापाच्या माणसांचा नियम पाटीवर लिहायचा. आणि मी नाही म्हटलं की त्यावर टेबलापासून खूण करायची नाही. तिसरी अट शेठनी मला दोनदा सांगायला लावली. मग हो म्हणाले. पाटी रंगवणाऱ्यानं दांडाच्या जागी दंडा लिहिलं. एका मापाच्या लोकांनीच बसावं, दंडा नीट बसल्याशिवाय खेळ सुरू होणार नाही, अशी पाटी महिनाभर लागली होती आणि पोरं ती वाचून घाबरत होती. मग मीच पेन घेऊन काना वाढवला.

त्या मुलाचं नाव मला माहीत नाही. तो परत कधी आला नाही. संदीपवर सगळं ढकलणं सोपं होतं आणि हॉलमधल्या सगळ्यांनी तेच केलं. पण संदीपला कुणी शिकवलं नव्हतं. मला शिकवलं होतं. ही माझी दुसरी चूक, आणि येलदरीच्या पोरीच्या वेळच्या पहिल्या चुकीपेक्षा ही फार जड आहे.

पुढची दीड वर्षं मी बेडकावर होते. रेश्मा म्हणून नवी मुलगी आली तिला मी तीन नाही, दहा दिवस उभं केलं. फरशीवर दिवसभर उभं राहून माझ्या पायांच्या शिरा फुगल्या, डॉक्टर म्हणाले आता बास. या दसऱ्याच्या आधी सोडलं.

निरोपाचा कार्यक्रम झाला. शाल, नारळ, समोसे. कलीमभाईही आले होते. शेठ बोलायला उभे राहिले. चांगलं बोलले. शेवटी म्हणाले, "मावशीच्या पाच वर्षांत आपल्याकडं एकबी अपघात न्हाई. देवाची कृपा म्हनायची." टाळ्या झाल्या. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं, म्हणजे आभार मानायला.

मी म्हणाले, "शेठ, एक झाला. एका लेकराचं नख गेलं. तवा मी मोजे विकत व्हते. तिथं तुमी बसवलं, आन बसून राहिले मी. दोघांचं बी चुकलं. बाकीच्या दिवशी काही झालं न्हाई, ते मी उभी व्हते म्हनून. देवाचं नाव घ्या, पर माझं बी घ्या."

शेठनी माइककडं बघितलं. सतीश सरांनी घाईघाईनं समोशांच्या प्लेटा पुढं केल्या. कलीमभाई तेवढे माझ्याकडं बघून नीट, सावकाश मान हलवत होते. मी माझा समोसा पूर्ण खाल्ला, शाल घडी करून पिशवीत ठेवली, रेश्माला उद्या सकाळी साखळीला तेल द्यायची आठवण केली आणि कठडा धरत जिना उतरले.

खाली आमचे हे ऑटो लावून उभे होते. मी बसले तशी त्यांनी किक मारायच्या आधी वळून विचारलं, "काय म्हनाले शेठ?"

मी म्हटलं, "ते राहू द्या. मी काय म्हनाले ते विचारा."